फोटोतली अर्धी विहीर



आज खते-औषधे बाजूला ठेवू. शेंद्र्याच्या एका शेतकऱ्याची मुलगी शहरात कलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिथे फोटो काढण्याचे शास्त्र शिकवतात आणि वर्षाअखेर मुलांचे काम भिंतीवर लावून लोकांना दाखवतात. तिने मला आग्रहाने बोलावले. तिच्या वडिलांना मात्र हे शिक्षण पटलेले नव्हते. "साहेब, फोटो तर शेंबडं पोरगंही मोबाइलवर काढतं. त्याला फी कशाला भरायची?" खरे सांगतो, मलाही तसेच वाटत होते.

शेंद्र्याच्या जमिनींचे काय झाले ते तुम्ही जाणता. आधी एमआयडीसी आली, मग दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातले 'ऑरिक' आले. या घराचे शेतही त्यातच गेले. मोबदला मिळाला, घर बांधून झाले, कोणाची तक्रार नाही. मुलीला फोटो हवे होते शेताचे, पण शेत कुठे आहे? घरात लग्नाचे तीन अल्बम निघाले, शेताचा एकही फोटो निघाला नाही.

मग तिने आजीला बरोबर नेले. आजी जिथे थांबून बोट दाखवील, तिथेच तिचा फोटो. असे बारा फोटो भिंतीवर होते. एकात आजी डांबरी रस्त्यावर दिव्याच्या खांबाशी उभी, खाली लिहिलेले, 'इथे मोसंबीची पहिली ओळ.' दुसऱ्यात कंपाउंडच्या भिंतीवर हात ठेवून, 'इथे बांध.' वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आई, खळं इथं नव्हतं. आणखी वर होतं." आजी म्हणाली, "तू तवा रांगत व्हतास." दोघांचा तिथेच वाद जुंपला आणि शहरातली मंडळी भोवती गोळा होऊन ऐकू लागली. फी कशासाठी भरली हे मला तेव्हा कळले.

आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट सांगतो. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याला वर्षानुवर्षे राहून लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पण त्याने लेण्यांचे फोटोही काढले होते. ते १८६४ सालीच पुस्तकांत छापून झाले होते, म्हणून आजही पाहायला मिळतात. कागदावर एकापेक्षा जास्त ठिकाणी असले की वस्तू टिकते.

तेव्हा ज्यांची शेते अजून आपली आहेत, त्यांनी एवढे करावे. ई-पीक पाहणी २०२१ साली राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून पिकाचा फोटो तुम्ही काढताच. त्याच वेळी चार पावले मागे सरा आणि विहीर, झाड, गोठा, बांध येईल असा आणखी एक काढा. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर, सूर्य पाठीशी ठेवून. दर हंगामात त्याच जागी उभे राहा. घरच्या माणसांना नवे कपडे घालून ओळीत उभे करू नका, निंदणी चालली असेल तर निंदताना घ्या. आणि मोबाइलच्या भरवशावर राहू नका. तो पाण्यात पडतो, बिघडतो, हरवतो. वर्षाला दोन-चार फोटो स्टुडिओतून कागदावर काढून घ्या. पाठीमागे पेन्सिलीने गट नंबर, तारीख आणि माणसांची नावे लिहा. नावे विसरू नका. दोन पिढ्यांनंतर कोण कोण ते सांगणारे उरत नाही.

आता माझी चूक. नोकरीच्या सुरुवातीला याच शेतात आम्ही तुरीचे प्रात्यक्षिक घेतले होते. छत्तीस फोटोंचा रोल, जपून वापरायचा. मी एकच फोटो घेतला, तोही प्रात्यक्षिकाच्या पाटीचा. घरी येऊन ट्रंक उपसली तेव्हा तो सापडला. पाटी ठळक, तूर कमरेएवढी आणि कडेला विहिरीचा अर्धा काठ. बाकीचा कापला गेलेला.

दुसऱ्या दिवशी तो घेऊन शेंद्र्याला गेलो. मुलीने दोन्ही हातांनी घेतला आणि आजीला दिला. आजीने डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले.

"साहेब, जरा मागं सरला असता तर आमचे मालकबी आले असते," ती म्हणाली. "तुमचं हुईस्तवर ते तिथंच काठावर बसले व्हते."