सूर्याचा वाटा मागालाही हवा

वीज कंपन्यांनी कोळशाचा धूर सोडून सूर्य, वारा आणि पाणी यांची कास धरावी, ही आजच्या काळाची मागणी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या गावात विजेच्या प्रत्येक युनिटाचा हिशेब कारागिराच्या भाकरीशी बांधलेला आहे, त्या गावाला या परिवर्तनाकडे नुसत्या कौतुकाने पाहून चालणार नाही. भिवंडी हे असे गाव आहे. येथे घरोघरी आणि मागोमाग वीज पोहोचविणारी टोरंट पॉवर ही कंपनी आता अपारंपरिक ऊर्जेच्या क्षेत्रात मोठी झेप घेत आहे. त्या झेपेत भिवंडीचे स्थान कोणते, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

प्रथम जे श्रेय ज्याचे, ते त्याला दिले पाहिजे. २६ जानेवारी २००७ रोजी भिवंडीच्या वीजवितरणाचा मक्ता महावितरणने या कंपनीकडे सोपविला. अशा प्रकारचा देशातील हा पहिलाच मोठा प्रयोग होता. त्या वेळी शहरात येणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे गळती, चोरी व थकबाकी यांत बुडत. तारांवर आकडे टाकलेले, रोहित्रे जळालेली आणि भारनियमनाने माग तासन्‌तास थांबलेले, असे ते दिवस होते. काही वर्षांतच ही तूट वीस टक्क्यांच्या आत आली. बिलांच्या आणि मीटरच्या तक्रारी मात्र संपल्या नाहीत. त्यांसाठी मोर्चेही निघाले. २०१७ साली मक्त्याची मुदत आणखी दहा वर्षांनी वाढली. म्हणजे जानेवारी २०२७ ही तिची अखेर ठरते.

या कंपनीचे मूळ १९१३ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या वीज कंपनीपर्यंत पोहोचते. साबरमतीच्या कोळशावर आणि पुढे सुरतेजवळच्या नैसर्गिक वायूवर तिचा पसारा वाढला. आता सौर व पवन प्रकल्पांत तिचे भांडवल ओतले जात आहे. २०२३ साली कर्जत, मावळ व जुन्नर येथे उदंचन जलविद्युत प्रकल्प उभारण्यासाठी तिने राज्य शासनाशी सामंजस्य करार केला आणि २०२४ साली अशा प्रकल्पातून महावितरणला २००० मेगावॉट क्षमता पुरविण्याचे कामही मिळविले. यातील तत्त्व सोपे आहे. दुपारच्या मुबलक सौर विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवावयाचे आणि दिवस मावळल्यावर तेच पाणी खाली सोडून वीज काढावयाची. रात्रपाळीत माग चालविणाऱ्या गावाला याचे मोल वेगळे सांगावयास नको. सह्याद्रीच्या पाण्याने गिरण्या चालविण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. १९१५ साली खोपोलीच्या टाटा वीजगृहाने मुंबईच्या गिरण्यांना तीच शक्ती दिली होती. मात्र ज्या डोंगरांतील जमीन व जंगल या जलाशयांखाली जाईल, तेथील आदिवासींना विश्वासात घेतल्याखेरीज ही वीज निर्मळ म्हणता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. कंपनी कच्छमध्ये सूर्याची वीज पिकवो की कर्जतला पाण्याची, भिवंडीच्या बिलात त्यामुळे आपोआप एका पैशाचाही फरक पडत नाही. मक्त्यानुसार कंपनी महावितरणकडून वीज घेते आणि ग्राहकाला विद्युत नियामक आयोगाने ठरविलेल्या दराने विकते. तिची सौर संपत्ती एका वहीत आणि भिवंडीचा मागवाला दुसऱ्या वहीत, अशी ही मांडणी आहे.

अमेरिकेचे उदाहरण येथे बोलके आहे. फ्लोरिडातील १९२५ सालची एक वीज कंपनी वाढत वाढत, २०१० पासून नेक्स्टएरा या नावाने, वारा व सूर्य यांपासून वीज निर्माण करणाऱ्या जगातील अग्रगण्य कंपन्यांत जाऊन बसली. परंतु त्याच फ्लोरिडात २०२२ साली घराच्या छतावर निर्माण झालेल्या विजेचा मोबदला घटविणारे विधेयक विधिमंडळाने संमत केले. वीज कंपन्यांचा त्याला पाठिंबा होता. राज्यपालांनी नकाराधिकार वापरला म्हणून ते अडले. कंपनीला स्वतःच्या शेतातला सूर्य प्रिय असतो, ग्राहकाच्या छतावरचा तितकासा नसतो. यात दुष्टपणा नाही, व्यापार आहे. ग्राहकाने स्वतः निर्माण केलेले प्रत्येक युनिट हे कंपनीचे न विकले गेलेले युनिट असते. म्हणूनच ग्राहकाचा वाटा कंपनीच्या सद्‌भावनेवर सोडून चालत नाही. तो करारात लिहावा लागतो.

आणि छतांची भिवंडीत वाण आहे काय? मागांच्या कारखान्यांची छपरे आहेत, महामार्गाच्या दुतर्फा गोदामांची अफाट पत्र्याची पठारे आहेत. वर्षाचे आठ महिने ती नुसती तापतात. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने यंत्रमागांसाठीच्या पॉवरटेक्स योजनेचा प्रारंभ याच भिवंडीत केला. लहान कारखानदाराला सौर संचासाठी सर्वसाधारण वर्गात निम्मे, अनुसूचित जातींना ७५ टक्के आणि जमातींना ९० टक्के अनुदान देण्याची तरतूद तीत होती. समारंभ झाला, भाषणे झाली. पण मजुरीवर कापड विणणाऱ्या, भाड्याच्या गाळ्यात आठ-दहा माग चालविणाऱ्या माणसाकडे ना स्वतःचे छत, ना उरलेली रक्कम. योजना कागदावर उदार होती. ज्याच्यासाठी होती त्याच्या परिस्थितीचा विचार तीत अपुरा होता.

यास्तव आमच्या मागण्या तीन आहेत. भिवंडीच्या वितरणाचा पुढील करार कोणाशीही होवो, त्यात छतावरील सौर जोडणीचे अर्ज ठरावीक मुदतीत निकालात काढण्याचे आणि विलंबास दंडाचे कलम असावे. दुसरे, गोदामांच्या छतांवर सहकारी पद्धतीने सौर संच उभारून ती वीज भाड्याच्या गाळ्यांतील मागांच्या बिलात वळती करण्याची मुभा आयोगाने द्यावी. तिसरे, यंत्रमागाच्या वीजदरात राज्य शासन दरसाल जी सवलत देते, तिचा काही भाग या संचांसाठी भांडवल म्हणून द्यावा. बिलात दिलेला रुपया महिनाअखेर संपतो. छतावर घातलेला रुपया वीस-पंचवीस वर्षे कमावतो.

कंपनी मोठी होवो. तिच्या उत्कर्षाचा आम्हाला मत्सर नाही. परंतु तिच्या उभारणीच्या काळात भिवंडीने तिला ग्राहक दिला, नियमित वसुली दिली आणि देशभर मिरवावा असा नमुना दिला. त्या भिवंडीच्या मागवाल्याने सूर्याखाली राबावे आणि सूर्याच्या कमाईत मात्र त्याचा वाटा नसावा, हा न्याय नव्हे. करार लिहिणाऱ्यांनी लेखणी उचलण्यापूर्वी एकदा येथल्या तापलेल्या पत्र्यांकडे पाहावे.