अंगठीतला अकीक आणि छातीतली धूळ

उरुसात किंवा दर्ग्याबाहेरच्या दुकानात अकीकची अंगठी हातात घेतली, की दुकानदार आधी तिचे गुण सांगतो. नजर लागत नाही, राग शांत होतो, रोजीत बरकत येते. मग दगड येमेनचा असल्याचं सांगतो. गिऱ्हाईक उठायला लागलं, की शेवटी ‘हाताने घडवलेला आहे, मशीनचा नाही’ हे येतं. मला हा क्रम उलटा हवासा वाटतो. गुणांचं ज्याचं त्याने पाहावं. येमेनचं फारसं मनावर घेऊ नये. पण हाताने घडवलेला हे बहुधा खरं असतं, आणि नेमकी त्याचीच चौकशी आपण करत नाही. कोणाच्या हाताने?

पैगंबर (स.) चांदीची अंगठी वापरत आणि तिचा मोहोर म्हणून उपयोग करत, हे हदीसमध्ये आहे. खास अकीकच्या फजिलतीच्या रिवायतींना शिया परंपरेत मान आहे. सुन्नी मुहद्दिसांनी त्यातल्या बऱ्याच कमकुवत ठरवल्या. या वादात मी शिरत नाही. कोणी अकिदत म्हणून घालावी, कोणी हौस म्हणून. माझं बोलणं दगड घासणाऱ्याबद्दल आहे.

आपल्या बाजारातला पुष्कळसा अकीक गुजरातमधल्या खंभातला. कच्चा दगड भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकड्यांतून येत आला आहे. तिथेच बाबा घोर यांचा दर्गा आहे. सिद्दी समाज त्यांना फार मानतो आणि अकीकचा व्यापार त्यांनीच वाढवला असं तिथे सांगतात. हा दगड मूळचा आपल्याच दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार झालेला, म्हणजे महाराष्ट्राचाही लांबचा नातेवाईक. काम किती जुनं? हडप्पा काळातल्या लोथलला मणी करण्याची जागाच सापडली आहे, आणि सिंधू संस्कृतीचे लाल मणी इराकमधल्या उरच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कबरींत मिळाले आहेत.

खाणीतून निघतो तेव्हा दगड लाल नसतो, मळकट पिवळा-तपकिरी असतो. तो उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून गोवऱ्यांच्या किंवा भुशाच्या मंद आचेवर भाजतात. आतलं लोह तापून लाल होतं, तोच अकीकचा रंग. म्हणून ‘भाजलेला’ म्हणजे खोटा, असं समजू नका. रंगवलेला वेगळा. फार भडक, सगळ्या मण्यांत एकसारखा लाल दिसला, उजेडात धरल्यावर रंग भेगांत किंवा पट्ट्यांत साचलेला दिसला, तर शंका घ्यावी. काचेत बहुधा बारीक बुडबुडे दिसतात आणि ती हाताला दगडाइतकी गार लागत नाही.

भाजलेला दगड जमिनीत पुरलेल्या लोखंडी टोकावर टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचवतात. लोखंडाची हातोडी त्याचा चुरा करील. हलक्या ठोक्यांनी कपच्या उडत उडत मणी आकाराला येतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं किती सोपं आहे. भोक सामत्याने पाडतात. टोकाला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले, वरून पाण्याची धार. बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी पाडतात, त्यामुळे मध्ये किंचित पायरी राहते. माळ घेताना मी भोकाची कड नखाने तपासतो. ती धारदार राहिली असेल तर चार महिन्यांत दोरा कापते, आणि तस्बीह नमाजाच्या वेळीच तुटते.

आता घासणं. टिचवलेला मणी फिरत्या एमरीच्या चाकावर दाबून गोल करतात, आणि हे काम वर्षानुवर्षं कोरडंच होत आलं. अकीक म्हणजे सिलिका. त्याची डोळ्यांना न दिसणारी भुकटी छातीत उतरते, फुप्फुसावर व्रण पडतात, माणसाला जिना चढवेनासा होतो. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही. त्यातच टीबी जडतो. नुसता टीबी समजून औषधं चालू राहतात आणि दम वाढतच जातो. खंभातजवळच्या शकरपूरसारख्या गावांत चाकं घराच्या पडवीत असतात, म्हणून बायको, पोरं, शेजारी हेही तीच हवा घेतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कामगारांचा अभ्यास केला, चाकाजवळची धूळ ओढून घेणारी साधनंही सुचवली. उपाय माहीत नव्हता असं नाही.

१९४८च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवावाच लागणारा रोग ठरवला. पण नगावर मजुरी मिळणारं पडवीतलं चाक कारखान्यात मोडत नाही, तिथला माणूस कोणाचा कामगार ठरत नाही. व्यापारी सांगतो, मी तर तयार माल घेतो. आपणही तेच म्हणतो, फक्त मनात.

‘मग घेऊच नका’ हा सल्ला मला पटत नाही. मागणी आटली तर पडवीतली चूल आधी विझेल, व्यापारी दुसरा माल धरील. मी दुकानदाराला दोन गोष्टी विचारतो: घासायचं काम पाण्यावर होतं का, आणि कुठे होतं? बहुतेकांना ठाऊक नसतं. हरकत नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो वरच्याला विचारील. आणि हाताच्या कामाला मशीनच्या भावात मागू नये. पन्नास रुपयांची घासाघीस अखेर घासणाऱ्याच्याच मजुरीतून वजा होते.

घेतलेला दागिना नीट सांभाळावा. अकीक कोमट पाण्याने, सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुवावा. अत्तर आधी लावावं, माळ मागून घालावी. चांदीला टूथपेस्ट लावू नये, चरे पडतात. फिरोजा आणि मोती साबण-तेलापासून जपावेत आणि अकीकबरोबर एका डबीत कधी ठेवू नयेत, कारण अकीक कठीण, तो त्यांना ओरखडतो. कोरड्या फडक्यानेही त्यांना घासू नये. घरातल्या साध्या धुळीतही सिलिका असते, तिने नाजूक दगडाचा तजेला जातो.

राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी वेगळं धोरण केलं. तिथे प्रश्न मुख्यतः खाणींचा आणि दगडकामाचा. अकीकच्या पडवीतल्या चाकालाही असं धोरण लागू हवं: मोफत तपासणी, रोगाचा दाखला, भरपाई, आणि प्रत्येक चाकाला पाणी किंवा धूळ ओढणारा पंखा.