माळेगावच्या माळावर

माळेगाव म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाला दोन गावे आठवतात. एक नाशिक जिल्ह्यातले, यंत्रमागांचे. त्याच्या नावात खरे पाहता 'ळ' नाहीच, 'ल' आहे. दुसरे बारामतीजवळचे, साखर कारखान्याचे. आज मला सांगायचे आहे ते तिसऱ्याबद्दल. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा ओलांडून पुढे गेले की हे गाव लागते. इतरांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून लोक त्याला 'माळेगाव यात्रा' असेच म्हणतात. आधी यात्रा गावाला लागली की गाव यात्रेला, हे आता कुणी सांगू नये.

निमित्त घडले ते वर्गातले. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी आपापल्या गावावर चार पाने लिहायला लावतो. लोह्याकडच्या एका मुलाने चाराऐवजी अर्धेच पान लिहिले. कारण विचारले तेव्हा तो अगदी सरळपणाने म्हणाला की आमच्या गावाला इतिहास नाही, किल्ला तिकडे कंधारला आहे. मुलगा हुशार होता. आपण शाळेत इतिहास जसा शिकवतो तसाच तो शिकला होता, एवढेच.

कंधारचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. राष्ट्रकूटांच्या काळी ते नामांकित नगर होते. दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाच्या वेळचा शिलालेख तिथे सापडला आहे. 'जगत्तुंग समुद्र' असे भारदस्त नाव मिरवणारा तलाव आहे. राष्ट्रकूटांचे राज्य गेल्यावरही त्यांच्या वंशातले म्हणवणारे मांडलिक स्वतःला 'कंधारपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. तिथल्या क्षेत्रपालाच्या भग्न मूर्तीचे जे अवयव मिळाले, त्यांवरून मूळ मूर्ती ५० फुटांहून उंच असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या दगडी पावलापुढे उभे राहिले की माणसाला आपली उंची बरोबर कळते. हे सगळे खरे. पण राजाला कर कोण देत होते आणि त्या प्रचंड शिळा कोणाच्या बैलांनी ओढल्या, हे शिलालेख सांगत नाही. त्यासाठी कंधारहून माळेगावलाच यावे लागते. लोहा तालुका आज वेगळा असला तरी पूर्वी हा सारा मुलूख कंधार तालुक्यातच मोडत असे.

या मुलखाची ठेवण आधी सांगतो. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला मन्याड, आणि मध्ये बालाघाटाच्या डोंगरांचे उतरते फाटे. एका अंगाचे पावसाचे पाणी उत्तरेला गोदावरीकडे धावते, तर दुसऱ्या अंगाचे दक्षिणेला मन्याडीत उतरते. मन्याडीचे पाणी मांजरेला मिळते आणि मांजरा शेवटी गोदावरीलाच, म्हणजे वाटा दोन असल्या तरी मुक्काम एकच. नावात लोह असूनही लोह्याला लोखंडाची खाण नाही. आहे तो काळा कातळ. त्या कातळाची झीज होऊन खोऱ्यांत काळी कसदार माती साचली आणि वरच्या अंगाला उघडा मुरमाड माळ राहिला. खाली ज्वारी-कापूस, वर गवत. खाली नांगर, वर गुरे. निसर्गानेच ही वाटणी करून दिलेली आहे. येथे शेतकऱ्याला गुराख्यावाचून चालत नाही आणि गुराख्याला शेतकऱ्यावाचून.

या वाटणीतून जे जनावर तयार झाले ते लाल कंधारी. अंगभर गडद तांबडा रंग, बेताची उंची, वळणदार शिंगे. दूध फार नाही, पण बैल कष्टाळू आणि कमी चाऱ्यावर निभावणारा. कंधारच्या सोमदेवराय नावाच्या राजाने ही जात जोपासली अशी परंपरेची कथा आहे. राजाला श्रेय देण्याची आपली सवय जुनीच! माझ्या मते ते श्रेय त्या मुरमाड माळाला आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वळू निवडणाऱ्या निनावी कुणब्यांना दिले पाहिजे. गंमत अशी की लातूरच्या बाजूला गेले की जनावरांचा रंग पालटतो. तिकडे देवणी, बहुधा पांढऱ्यावर काळे ठिपके किंवा पट्टे असलेली. दोन जिल्ह्यांची हद्द नकाशावर एका रेघेने दाखवतात. रानात ती गाईंच्या रंगाने दिसते.

रेल्वेचीही कथा अशीच. १९००च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडकडून नांदेडवरून पुढे गेली, आणि १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोहोचली. या दोन लोहमार्गांच्या मध्ये लोह्याचा डोंगराळ पट्टा राहिला तो राहिलाच. गाडीरस्ता आणि बैल हाच येथला आधार. ज्या मुलखात आगगाडी नाही तेथे बैलाला किंमत असते, आणि बैलाला किंमत असते तेथे त्याचा बाजारही मोठा भरतो.

हा बाजार भरतो खंडोबाच्या नावाने. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास देवस्वारी आणि पालखी निघते, भंडाऱ्याने माणसे आणि माती एकसारखी पिवळी होतात, आणि पुढे चार-पाच दिवस एरवी ओसाड असणाऱ्या माळावर एक शहर वसते. मराठीच्या मास्तरला तिथल्या घोषातही शिकण्यासारखे सापडते. 'येळकोट' या शब्दातला 'येळ' म्हणजे कानडीतला सात, म्हणून सात कोटींचा देव, असा अर्थ जाणकार लावतात. कर्नाटकात मैलार, तेलंगणात मल्लन्ना आणि आपल्याकडे खंडोबा. माळेगाव या तीन भाषांच्या शिवेजवळ बसले आहे, तेव्हा माळावर मराठी, कानडी, तेलुगू आणि हैदराबादी उर्दू एकाच घासाघिशीत ऐकू आली तर नवल वाटायला नको. देवाच्या दोन बायकांचेही तसेच. म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. बाजारपेठ आणि रान या दोघांनाही देवाने घरात घेतले. आणि दोघींचे पटत नाही हेही गाणी सांगतात. वर सांगितलेली काळ्या मातीची आणि माळाची वाटणी देवाच्या संसारापर्यंत पोहोचली आहे, ती अशी.

मार्गशीर्षातल्या अमावास्येलाच या भागात वेळ अमावास्या येते. बोलीत तिला 'येळवस' म्हणतात. कुणबी बायकामुलांसह शेतात जातो, कडब्याची कोप उभारतो, तिची पूजा करतो आणि भज्जी, उंडे, आंबील असे जेवण रानातच होते. त्या दिवशी लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो. पुण्यात वाढलेल्या आमच्या शेजारणीने भज्जी म्हणजे भजी असे समजून चटणी काढून ठेवली होती! भज्जी ही भजी नव्हे. हरभरा, वाटाणा, तुरीचे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसन लावून एकत्र शिजवतात, ती भज्जी. खरिपाची रास घरात आलेली, रब्बीची ज्वारी उभी, हाती थोडे पैसे आणि थोडी सवड. यात्रेची तिथी देवाने ठरवली असेल, पण पिकाकडे पाहून ठरवली असावी.

आता माळाकडे वळू. बैल, घोडे, गाढवे, खेचरे, उंट, सगळ्यांचे तळ वेगवेगळे. बैलाच्या बाजारात वय विचारण्याची रीत नाही. तोंड उघडून दात पाहायचे : अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. भाव तोंडाने बोलायचा नाही. दलाल रुमालाखाली हात घालतो आणि बोटे दाबतो. उभा जमाव पाहत असतो आणि कुणाला काही कळत नाही. गाढवांचा बाजार तर शहरी पाहुण्यांना हसवतो. पण कुंभार, वडार, बेलदार यांचा संसार त्या पाठीवर चालत आला आहे, हे समजल्यावर हसू ओसरते.

मला या यात्रेत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मात्र जनावरांच्या पलीकडचे. वैदू, घिसाडी, गोसावी, मसणजोगी यांसारख्या भटक्या समाजांना गाव नव्हते. वर्षभर पालांवर हिंडायचे, आणि वर्षातून एकदा ठरल्या तिथीला येथे भेटायचे. सोयरिकी येथे जुळत, भांडणे येथे मिटत, मेलेल्यांची बातमी येथे कळे. ज्यांच्या नावावर इंचभर जमीन नाही त्यांचे गाव म्हणजे हे चार-पाच दिवस. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीएक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला; तो स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. कागदावरचा शिक्का गेला, लोकांच्या मनातला जायला फार वेळ लागला. त्या काळात जिथे कुणी चोर म्हणून हाकलत नाही अशी जागा असणे ही लहान गोष्ट नव्हती.

म्हणून या जातपंचायतींची मी आरती ओवाळतो असे मात्र समजू नये. पंचांपुढे बाईची बाजू बाईने मांडायची सोय कितीशी होती? दंड आणि वाळीत टाकणे यांनी कितीकांचे संसार मोडले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली विधेयक मंजूर केले आणि पुढच्या वर्षी ते कायदा म्हणून लागू झाले, हे योग्यच झाले. फक्त एक प्रश्न उरतो. पंचायत सरली की त्या माणसांना वर्षातून एकदा भेटायला कोणते निमित्त द्यायचे? कायद्याच्या कलमात ते बसत नाही.

या मुलखाचा राज्यकर्त्यांचा इतिहास दोन ओळींत आटोपतो. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाचे राज्य, १९५६पर्यंत हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य, आणि १९६०पासून महाराष्ट्र. पण त्या दोन ओळींच्या मध्ये कंधार भागातल्या कल्हाळीचे अप्पासाहेब नाईक आणि त्यांचे सोबती रझाकारांशी लढता लढता पडले, हे तिथल्या मुलांनाही सांगावे लागते. गऊळचे भाई केशवराव धोंडगे (१९२२-२०२३) कितीतरी वर्षे कंधारचे आमदार होते आणि १९७७ साली नांदेडचे खासदार झाले. त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या नावातच 'मोफत' हा शब्द आहे. ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांना शाळेच्या दारात आणायला तो एक शब्द पुरेसा होता. मन्याडच्या खोऱ्यात आज जी शिकलेली पिढी दिसते, तिच्यात या शाळांचा वाटा मोठा आहे.

आणि तीच पिढी आज लाल बैल विकते आहे. तिला दोष देऊन उपयोग नाही. माळापर्यंत ट्रॅक्टर आला. कापूस-ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनला कडबा नसतो, म्हणजे बैलाचे वैरणच गेले. ज्वारी कमी झाली तेव्हा बैल कमी होणार हे ठरलेले होते. मन्याडीवर लिंबोटीला धरण झाले तरी पाणी पोहोचते तेवढ्याच शिवाराला. उरलेल्यांपैकी कितीएक कुटुंबे दिवाळी होताच ऊसतोडीला किंवा हैदराबादला मजुरीसाठी निघून जातात. घरी राहतात म्हातारी माणसे. त्यांनी बैलाला पाणी पाजायचे की नातवंडांना सांभाळायचे? २०१५ साली बैलांच्या कत्तलीवर राज्यात बंदी आली, तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळेना. त्याचा परिणाम नव्या खोंडाच्या खरेदीवर झाला. २०२२ साली लम्पी रोगामुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. आता यात्रेत पशुप्रदर्शन होते, उत्तम वळूला बक्षीस मिळते, कुस्त्या होतात, लावणी महोत्सवाला रात्री मंडप भरतो. जिल्हा परिषद हे सगळे नेटाने करते. पण बक्षीस मिळालेल्या वळूचे फोटो वाढले आणि औताला जुंपलेले बैल घटले, हेही दिसते. जे जनावर कामासाठी घडले त्याला पाहण्याची वस्तू करून ते किती दिवस टिकेल, याची मला शंका आहे. गावोगाव दहा-वीस घरांनी गाई राखल्या तरच जात राहील, आणि त्या घरांना गाय परवडेल असे काही केले तरच ती घरे गाई राखतील. बक्षिसाचा काही भाग वळूऐवजी गाईच्या दावणीकडे वळवला तर ते आजही जमण्यासारखे आहे.

त्या मुलाला मी पुन्हा चार पाने लिहायला सांगितली, पण किल्ल्यावर नव्हे. आजोबांनी बैलजोडी कोणत्या वर्षी, कोणाकडून, किती रुपयांना घेतली. ती कोणत्या वर्षी विकली आणि का, हे घरी विचारून लिही म्हटले. त्याने सहा पाने आणली. त्यांत १९७२चा दुष्काळ होता, खडी फोडायला गेलेली आजी होती, आणि पहिल्या ट्रॅक्टरच्या भाड्यावरून चुलत्यांत झालेले भांडणही होते. शुद्धलेखनाच्या चुका मोजण्यापलीकडच्या. मी मोजल्या नाहीत.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा माळ मोकळाच असेल. यात्रेला अजून जवळजवळ दोन महिने आहेत. ज्यांना जायचे असेल त्यांनी नांदेडपर्यंत आगगाडीने यावे. लोह्याला अजून रेल्वे नाही, पुढे एस. टी. धरावी. पालखीचा दिवस गर्दीचा; जनावरे निवांत पाहायची तर सकाळी लवकर निघावे. घोंगडी किंवा शाल बरोबर असू द्या. मार्गशीर्षात त्या माळावर वारा फार असतो आणि आडोशाला झाड म्हणून नाही.