बटण एकाच संगणकावर दाबा

पालघर-बोईसरकडच्या मुलांना तारापूरची अणुभट्टी नवी नसते. कुणाचे काका तिथे कामाला असतात, कुणाची मावशी वसाहतीत राहते. भट्टीच्या आत काय चालतं, ते मात्र पाठ्यपुस्तकातल्या एका आकृतीपलीकडे सरकत नाही. त्यामुळे लुआंटी या ठोकळ्यांच्या मोफत खेळातला ‘टेक्निक’ हा मॉडसंच (मॉड म्हणजे खेळात नव्या गोष्टी आणणारी जोड) या भागातल्या संगणक शिक्षकांनी एकदा तरी उघडून बघावा. (लुआंटी म्हणजे २०२४ पर्यंतचं माइनटेस्ट.) त्यात मुलं युरेनियम खणून काढतात आणि सेंट्रिफ्यूजमधून पुन्हा पुन्हा फिरवून ०.७ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांपर्यंत समृद्ध करतात. मग इंधनकांड्या बनवून भट्टीभोवती पाणी आणि कवच रचतात. रचना चुकली तर भट्टी वितळते आणि आसपासचा परिसर किरणोत्सारी होतो. १९६९ साली सुरू झालेली तारापूरची पहिली दोन युनिटं समृद्ध युरेनियमवर चालणारी, तर २००५-०६ मध्ये आलेली तिसरी-चौथी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावरची. मग खेळातली भट्टी यांतल्या कोणत्या जोडीच्या जवळची? हा प्रश्न आठवीच्या वर्गात टाकला की तास संपतो, वाद संपत नाही.

हा संच मिळवायचा कसा? खेळाच्या मेनूतच ‘कंटेंट’चा कप्पा आहे. तो उघडला की कंटेंटडीबी या भांडारातली यादी समोर येते. त्यात खेळ, मॉड आणि टेक्स्चर पॅक (ठोकळ्यांचं रूप बदलणारे चित्रसंच) असतात, चित्रांसह. आवडलं की इन्स्टॉल. टेक्निक निवडलं तर त्याला लागणारे पाइपवर्क्ससारखे दुसरे मॉडही सोबत घेऊ का, हे खेळच विचारतो. ही कल्पना काही लुआंटीची एकट्याची नाही. वेस्नॉथ या दुसऱ्या मोफत खेळात मोहिमा अशाच खेळाच्या आतून उतरवता येतात, आणि ओपनटीटीडी या आगगाड्यांच्या खेळाने २००९ पासून आगगाड्या, इंजिनं आणि नकाशे असेच खेळाच्या आतून द्यायला सुरुवात केली. त्याआधी झिप फाइल शोधा, उघडा, नेमक्या फोल्डरात टाका, असा सगळा खटाटोप होता. तो गेला याचा आनंदच आहे.

पण ही सोय घरी एकट्याने खेळणाऱ्यासाठी बेतलेली आहे. आपल्या प्रयोगशाळेत पंचवीस-तीस संगणक, आणि इंटरनेट म्हणजे बहुतेकदा शिक्षकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. तिथे तीस मुलांनी एकाच वेळी इन्स्टॉल दाबलं की निम्म्या संगणकांवर अर्धवट फाइल, चार-पाच ठिकाणी वेगळी आवृत्ती, आणि एका चतुर मुलाने यादीत भलतंच काहीतरी शोधलेलं. त्यात डिसेंबर २०२३ च्या ५.८ आवृत्तीपासून इंजिनासोबत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमसोबत, मूळचा ‘माइनटेस्ट गेम’ येत नाही. तोही याच यादीतून घ्यावा लागतो. म्हणजे नेट नसेल तर नव्या संगणकावर लुआंटी उघडतं, पण खेळायला काहीच नसतं. अनेक शिक्षक इथेच कंटाळून नाद सोडतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

लुआंटीची रचना नीट पाहिली तर यातून सहज सुटता येतं. या खेळात मॉड चालतात सर्व्हरवर. विद्यार्थी ज्या संगणकावरून जोडला जातो त्याच्याकडे ना मॉड असावा लागतो, ना मूळ खेळ. नुसतं इंजिन पुरे. जोडताना लागणारी चित्रं, आवाज, आकार सर्व्हर स्वतः पाठवतो. म्हणून शिक्षकाच्या एकाच संगणकावर, तेही आदल्या संध्याकाळी घरच्या नेटवर, माइनटेस्ट गेम आणि टेक्निक उतरवून घ्या. जग तयार करा, ‘होस्ट सर्व्हर’ची खूण करा आणि मुलांना आपल्या संगणकाचा लॅनवरचा पत्ता द्या, पोर्ट नेहमीचा, ३००००. वर्गात बाहेरचं नेट अजिबात लागत नाही. एक पथ्य पाळा: सगळ्या संगणकांवर इंजिनाची आवृत्ती एकच ठेवा. आणि एका गोष्टीवरून बरेचदा घोळ होतो, ती म्हणजे मॉड उतरवला तरी तो त्या जगासाठी वेगळा चालू करावा लागतो. ‘सिलेक्ट मॉड्स’मध्ये टेक्निक आणि त्याला लागणारे मॉड यांच्यापुढे खूण नसेल तर भट्टी कुठेच दिसणार नाही. मग आपण उगाच डाउनलोडला नावं ठेवतो.

एका ठिकाणाहून चालवायचं ठरलं की निवडीला वेळ मिळतो, आणि निवड जपूनच करायला हवी. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टचे काही मॉड संसर्गित झाले होते. कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या भांडारातून ते उतरवलेल्यांच्या संगणकात पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम शिरला. तिथले मॉड जावात लिहिलेले आणि त्यांना संगणकात जवळजवळ मोकळं रान. लुआंटीचे मॉड लुआ भाषेत असतात आणि कुंपणात चालतात. कुंपणाबाहेर जायचं तर मॉडचं नाव सेटिंगमधल्या विश्वासू मॉडांच्या यादीत आपल्या हाताने लिहावं लागतं. शाळेच्या संगणकावर ती यादी रिकामीच राहू द्या, मॉड कितीही छान असला तरी. नव्या पॅकेजला कंटेंटडीबीवर संपादकांची मंजुरी लागते, हेही खरं, पण म्हणून आपण त्याचं पान न वाचता पुढे जावं असं नाही. लेखक कोण, लायसन्स कोणतं, शेवटची आवृत्ती कधीची, अवलंबून कशावर, हे चार रकाने मुलांसमोर प्रोजेक्टरवर वाचायला पाच मिनिटं लागतात. मोबाइलवर रोज न वाचता ‘अलाऊ’ दाबणाऱ्या मुलांना ही पाच मिनिटं भट्टीइतकीच उपयोगाची आहेत, असं आमचं मत.

एक अपवाद सांगायला हवा. टेक्स्चर पॅक मात्र सहसा ज्या-त्या संगणकावर बसवायचा असतो, मॉडसारखा सर्व्हरकडून आपोआप येत नाही. तिथे पेनड्राइव्ह घेऊन फिरावं लागेल. पण मुलांना स्वतः बनवता येईल असा यादीतला सर्वांत सोपा प्रकारही तोच, कारण त्यात कोड नाही. मूळ नावांच्याच पीएनजी फाइली, साधारण १६ बाय १६ पिक्सेलच्या, एका फोल्डरात घालायच्या, बस. डहाणू, जव्हार, विक्रमगड, तलासरीच्या मुलांना वारली चित्रं परकी नाहीत. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण एवढ्या चौकटीत कसेबसे बसतात. तारप्याभोवतीचा फेर बसत नाही. त्यासाठी अनेक ठोकळे जोडून भिंत उभी करावी लागेल. तो उद्योग करून बघण्यासारखा आहे.

आणि पॅक इतका जमला की भांडारात टाकावासा वाटला, तर तिथला अर्ज लायसन्स विचारतो. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक आहे, तिच्यामागे पाड्यांवरचे चित्रकार आहेत. त्यामुळे नेटवरून उचललेलं चित्र छोटं करून पॅकमध्ये घालायचं नाही. मुलांनी काढलेलंच घालायचं. पालकांना विचारायचं, मुलांची पूर्ण नावं न देता शाळेच्या नावाने पान उघडायचं, आणि लायसन्स कोणतं निवडलं ते मुलांना समजावून सांगायचं. असा पॅक कुणी तयार केला तर आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्याची ओळख छापू.