आठ दिव्यांची दिवाळी

जालन्याच्या माणसाला कुणी फसवून दाखवावं! मोंढ्यात पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे काढल्याशिवाय तो सोयाबीनचा भाव बोलत नाही. मोसंबी घेताना ती दाबतो, हुंगतो, हातात तोलतो आणि एवढं करून शेजारच्या गाड्यावर जातो. मुलीसाठी स्थळ पाहताना मुलाच्या आत्याच्या सासरपर्यंत चौकशी करतो. पण हाच माणूस शाळेत, पतसंस्थेत किंवा दवाखान्यात संगणकाची तार टाकून घेतो, तेव्हा त्याची पारख कुठे जाते कोण जाणे! कारागीर म्हणतो, "झालं साहेब," आणि साहेब सही करून मोकळे.

माझं भांडण या सहीशी आहे.

तार टाकून झाली की कारागीर खिशातून एक डबी काढतो. तिचा एक भाग या टोकाला, दुसरा त्या टोकाला. एक ते आठ दिवे ओळीने लुकलुकतात आणि बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी येते. अशा वेळी शंका काढणारा म्हणजे मंगलाष्टकं चालू असताना शिंकणारा. तरीही मी शिंकतो. दिवा एवढंच सांगतो, की तार तुटलेली नाही. नाडी लागली म्हणजे माणूस जिवंत आहे. तो पळेल की नाही, ते नाडीवरून कसं कळणार?

त्या तारेत आठ धागे असतात, म्हणजे चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ घातलेला. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची, १८८१ सालच्या पेटंटातली. पीळ असला की शेजारच्या जोडीची कुजबुज हिच्या कानात शिरत नाही. वाड्यात दिवस काढलेल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आता तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर एकाच जोडीतले धागे बसायला हवेत. पण काही कारागीर रंग बघून ओळीने बसवत जातात: नारिंगीशेजारी नारिंगी, हिरव्याशेजारी हिरवा. दिसायला फार नीटनेटकं! मात्र तिसरीवर हिरव्या घरचा नवरा आणि सहावीवर निळ्या घरची बायको, असा संसार उभा राहतो. डबी फक्त डोकी मोजते. आठ भरली, आठ दिवे लागले. कुणाचं लग्न कुणाशी लागलंय, हे ती बघतच नाही.

दुसरी गंमत तांब्याची. ३०५ मीटरचं खोकं स्वस्तात मिळालं की आपण खूष. आत पुष्कळदा ॲल्युमिनियम असतं, वर तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीच्या तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. हल्ली कॅमेऱ्याची वीजही याच तारेतून जाते. रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले की त्याला जास्त वीज लागते, ती लांबवर पोचत नाही आणि तो डोळे मिटतो. म्हणजे नेमका चोराच्या वेळेला!

आमच्या जालन्याच्या पोलादभट्ट्या भंगारावर चालतात, त्यामुळे धातू ओळखणारे इथे गल्लोगल्ली. भंगारवाला तार चाकूने खरवडतो आणि आत पांढरं दिसलं की ॲल्युमिनियमचा भाव सांगतो. म्हणजे तपासणी होते बरं का! फक्त बिल देऊन दहा वर्षं झाल्यावर होते.

हसण्यावारी नेलं असतं, पण तालुक्याच्या एका शाळेत ऑनलाइन परीक्षा चालू असताना मागच्या रांगेतले संगणक अडकलेले मी पाहिले आहेत. एक मुलगी पडद्यावरच्या फिरत्या चक्राकडे बघत रडत होती. "नेट स्लो आहे," असं म्हणत सगळ्यांनी कंपनीला शिव्या घातल्या. डोक्यावरच्या पट्टीतल्या तारेकडे मान वर करून कुणी पाहिलं नाही.

"अहो, आता वायफाय आहे!" असं एक शहाणा म्हणतोच. ती वायफायची डबी छताला कशाच्या जोरावर लटकली आहे, बाबा? तारेच्याच.

"तपासणीचं खरं यंत्र काही लाखांचं असतं," असं दुसरा म्हणतो. असेना! हार्वेस्टर कुणी विकत घेतं का? भाड्यानं आणतात. आणि तारेची पहिली परीक्षा तर चाकूनं होते. दुसरी साध्या मल्टिमीटरनं: १०० मीटर तारेतली एक जोडी पलीकडच्या टोकाला एकत्र पिळा आणि इकडून मोजा. १९ ओहमच्या आत आलं तर ठीक, बरंच वर गेलं तर दुकानदाराला नमस्कार. भिंतीतली तार ९० मीटर, दोन्ही टोकांच्या सुट्या तारा मिळून १०, एवढीच धाव. त्यापुढे ताणू नये. शेवटी प्रत्येक तारेचा छापील अहवाल मागावा: लांबी किती, कुजबुज किती, पास की नापास. अहवाल नाही, तर बिल नाही.

कारागिरावर माझा राग नाही. त्याला मीटरमागे पैसे मिळतात; मोजायचे पैसे टेंडरात कुणी लिहिलेच नाहीत. राग आहे तो मोसंबी हुंगणाऱ्या साहेबांवर. मोसंबी आंबट निघाली तर साखर घालता येते. भिंतीत गाडलेल्या तारेवर काय घालणार?