कोल्हापुरीची अस्मिता आणि कारागिराची जात

जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली. श्रेयाची कबुली दिली ती ओरड झाल्यावर. लगेच 'महाराष्ट्राच्या अस्मिते'चा गजर सुरू झाला. पण मित्रांनो, ही अस्मिता घडवतो कोण? बाभळीची साल आणि हिरड्याने कातडे कमावणारे, खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीने चप्पल शिवणारे हात ढोर-चर्मकार समाजाचे आहेत.

2019 चे भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळाले. नांदेड-लातूरच्या चौकात छत्रीखाली बूट शिवणाऱ्याला कसले मानांकन? त्याचे कसब आजही जातीनेच ओळखले जाते. जातिव्यवस्था श्रमिकांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिले.

म्हणून 'परंपरा जपा' हा उपदेश आम्हाला नको. विक्रीच्या किमतीत कारागिराचा वाटा लेखी ठरवा. सर्व जातींची मुले शेजारी बसून शिकतील, असे पादत्राणांचे प्रशिक्षण जिल्ह्याजिल्ह्यात द्या. चर्मकाराच्या मुलीने वकील व्हावे आणि वकिलाच्या मुलाला चप्पल शिवताना लाज वाटू नये. दोन्ही घडेल, तेव्हाच या कलेचा अभिमान सांगा.

जयभीम!