जनावर निवडताना उद्याचे वय पाहावे

सेवानिवृत्तीनंतर गावाकडची एक-दोन एकर जमीन कसावी, दारात दुभते जनावर असावे, ही इच्छा आपल्यापैकी अनेकांनी नोकरीच्या धकाधकीतही मनाशी जपलेली असते. निवृत्तीची रक्कम हाती आली की पहिला विचार येतो तो गाईचा. मीही साठाव्या वर्षी दोन संकरित गाई आणल्या. तिसऱ्या पावसाळ्यात ओल्या गोठ्यात गाय बुजली, दाव्याला हिसका बसला आणि माझा खांदा निखळला. पुढील दीड महिना सकाळ-संध्याकाळ धार काढण्यासाठी शेजाऱ्यांची मनधरणी करावी लागली. दोष गाईचा नव्हता, माझ्या निवडीचा होता.

जनावर घेताना आपण दूध पाहतो, किंमत पाहतो, कितवे वेत आहे ते विचारतो. स्वतःचे वय मात्र हिशेबात धरत नाही. गाय पंधरा वर्षे सहज जगते. साठीत आणलेली कालवड आपल्या पंचाहत्तरीतही दावणीला असू शकते. म्हणूनच ‘आज मला काय झेपेल’ यापेक्षा ‘दहा वर्षांनी काय झेपेल’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संकरित गाईचे वजन ४०० किलोंच्या घरात असते आणि तिला रोज २० ते २५ किलो हिरवी वैरण लागते. उस्मानाबादी शेळी जेमतेम ३० ते ३५ किलोंची असते. पाच शेळ्यांना मिळून साधारण एका गाईइतकाच चारा लागतो; परंतु अडलेली शेळी एकटा माणूस सावरू शकतो. ती पाच महिन्यांत विते, बहुधा जुळी देते. गरज पडल्यास एखादा बोकड विकता येतो. अर्धी गाय विकता येत नाही. सर्व ठेव एकाच ठिकाणी ठेवू नये, हे तत्त्व गोठ्यालाही लागू पडते.

अर्थात शेळी निरुपद्रवी नाही. कुंपण कच्चे असेल तर शेजाऱ्याची बाग आणि त्याचा स्नेह, दोन्ही जातात. पीपीआर व आंत्रविषाराची लस वेळेवर टोचावी लागते. एवढेही ज्यांना नको, त्यांनी गिरिराज किंवा वनराजा जातीच्या दहा-बारा कोंबड्या पाळाव्यात. मानमोडीची लस आणि रात्री घट्ट बंद होणारे खुराडे, एवढी काळजी त्यांना बहुतांशी पुरते.

गाईवाचून ज्यांचे मन रमत नाही, त्यांनी लहान चणीच्या गाईंचा विचार करावा. केरळमधील वेचूर गाय उंचीने सुमारे तीन फूट आणि दूध दोन-तीन लिटर. नामशेष होत चाललेल्या या जातीचे संवर्धन केरळ कृषी विद्यापीठात १९८९ पासून सुरू झाले. घरापुरते दूध हवे असेल तर एवढे पुरेसे नाही काय? मात्र हौसेपोटी अशा गाईंच्या किमती फार चढल्या आहेत, हे ध्यानात ठेवावे. शिवाय धार काढण्याचे बंधन लहान गाईलाही चुकत नाही.

२०१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालनासही लागू झाली आहे. तरीही या वयात आरंभ स्वतःच्या बचतीतून आणि दोन-तीन जनावरांपासूनच करावा. विमा उतरवावा आणि कानातील बिल्ला जपावा. परंतु सर्वांत मोठा विमा म्हणजे आपण आजारी पडलो तर त्या दिवशी चारा-पाणी करणारा माणूस. तो आधी ठरवावा, जनावर नंतर आणावे.

माझ्या गाई आज एका तरुण शेतकऱ्याच्या गोठ्यात सुखात आहेत. माझ्याकडे चार शेळ्या आहेत. त्यांच्यामागे मी अजून चालू शकतो, आणि मला नेमके तेवढेच हवे होते.